घरची हकीकत आणि पडद्यावरचे प्रेम

घरातल्या माणसांची लग्ने, फिसकटलेल्या सोयरिकी, आजीने कधीतरी सांगितलेली आणि मग पुन्हा न सांगितलेली एखादी हकीकत, यांतून प्रेमाचा हलकाफुलका चित्रपट उभा करणे ही इटालियन सिनेमाची जुनी सवय आहे. मराठीत असा मालमसाला इटलीपेक्षा कमी कधीच नव्हता. लग्न जमवण्याची खटपट हा मराठी विनोदाचा कणा आहे आणि स्त्रियांनी लिहिलेल्या आत्मचरित्रांत संसाराची बारीकसारीक नोंद शंभर वर्षांहून जास्त काळ होत आली आहे. तरीही स्वतःच्या घरात घडलेले घेऊन त्याचा प्रेम-विनोदपट करणारे दिग्दर्शक मराठीत ठळकपणे दिसू लागले ते गेल्या दहा-बारा वर्षांत. त्यातही विदर्भातले घर पडद्यावर आले ते फारच अलीकडे. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीसारख्या गावातल्या प्रेक्षकाला स्वतःच्या घरची बैठक, स्वतःची बोली आणि स्वतःच्या कापसाचा भाव प्रेमकथेत दिसावा, ही गोष्ट एवढी उशिरा का घडली, हाच या आढाव्याचा मुख्य प्रश्न आहे.

इटलीतली उदाहरणे आधी पाहिलेली बरी, कारण हा प्रकार काय करू शकतो ते तिथे स्वच्छ दिसते. फेडेरिको फेलिनी यांचा ‘अमरकॉर्ड’ (1973) रिमिनी या त्यांच्या गावच्या 1930 च्या दशकातल्या आठवणींवर आणि एका बालमित्राच्या घरावर रचलेला आहे. जेवणाच्या टेबलावर रोज भांडणारे आईबाप आणि वेड्यांच्या इस्पितळातून एका दिवसासाठी घरी आणलेला काका ही त्यातली माणसे. हा काका झाडाच्या शेंड्यावर चढतो आणि मला बाई हवी म्हणून दिवसभर ओरडत राहतो. खाली सगळे कुटुंब हतबल उभे असते. प्रसंग हसवतो, पण हसता हसता त्या काकाचे सगळे आयुष्य समजते. रोबेर्तो बेनिन्यी यांचा ‘लाइफ इज ब्युटिफुल’ (1997) अर्ध्यापर्यंत निखळ प्रेम-विनोदपट आहे. आरेझ्झो शहरात एक गमत्या तरुण एका शिक्षिकेच्या मागे लागतो आणि तिला जिंकतो. त्यानंतर छळछावणी येते. बेनिन्यी यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या श्रमछावणीत दोन वर्षे होते आणि मुलांना त्या दिवसांविषयी ते हसत सांगत. चित्रपटाची रीत त्या सांगण्यातून आली. दुःख लपवण्यासाठी वडिलांनी जो सूर लावला तोच मुलाने उचलला.

या आढाव्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे उदाहरण मात्र 2023 मधले आहे. अभिनेत्री पाओला कोर्तेल्लेसी यांनी दिग्दर्शनातले पहिले पाऊल टाकताना आजी-पणजींकडून ऐकलेल्या हकिकती घेतल्या आणि ‘चे अंकोरा दोमानी’ हा कृष्णधवल चित्रपट केला. काळ 1946 चा, जागा रोममधली साध्या माणसांची वस्ती. नायिका देलिया सकाळी उठून नवऱ्याला सुप्रभात म्हणते आणि तो तिच्या थोबाडीत मारतो, इथून चित्रपट सुरू होतो. पुढे मुलीचे लग्न ठरायचे असते, मुलाकडची पैसेवाली मंडळी जेवायला येणार असतात आणि देलियाची धावपळ उडते. कोणत्या ताटल्या काढायच्या, आजारी म्हाताऱ्या सासऱ्याला कुठल्या खोलीत ठेवायचे, नवऱ्याने पाहुण्यांसमोर तोंड आवरावे म्हणून काय करायचे, हे सगळे मराठी घरातल्या बाईला समजावून सांगावे लागणार नाही. देलियाला एक पत्र येते, ती ते लपवते आणि प्रेक्षक जुन्या प्रियकराच्या पत्राची अटकळ बांधतात. शेवटी ते तिचे मतदारपत्र निघते. 2 जून 1946 च्या मतदानात इटलीतल्या स्त्रियांनी पहिल्यांदा देशपातळीवर मत दिले. त्या वर्षी इटलीत या चित्रपटाने सगळ्या देशी-विदेशी चित्रपटांपेक्षा जास्त प्रेक्षक खेचले. त्याच्या यशाचे मर्म असे की घरात जी गोष्ट ‘आजी फार सोसायची’ एवढ्या एका वाक्यात संपत असे, ती इथे आजीच्या बाजूने सांगितली गेली.

बाजू कोणाची, हा प्रश्न या प्रकारात सगळ्यांत महत्त्वाचा. घराघरांत सांगितल्या जाणाऱ्या गमती बहुधा थोरांच्या असतात. कोण रुसले, कोण नकटी ठरली, कोणाच्या लग्नात मानपानावरून पंगत उठली, या गोष्टी सांगताना ज्याला त्या वेळी बोलायची मुभा नव्हती त्याच्यावर हसे होते. चांगला दिग्दर्शक तीच गमत घेतो आणि हसे त्या माणसाकडून काढून घेऊन बैठकीतल्या थोरांकडे वळवतो. ज्यांना हे जमले नाही त्यांचे चित्रपट घरगुती फोटोंच्या अल्बमसारखे राहतात, ज्यांच्या घरातले असतात त्यांनाच ते भावतात.

मराठीत लग्नाच्या विनोदाची परंपरा रंगभूमीवरून आली आणि तिच्या मुळाशी युरोप आहे. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संशयकल्लोळ’ हे मोलिएरच्या फ्रेंच प्रहसनावरून इंग्रजीत आलेल्या नाटकाचे मराठी रूप. नवरा-बायकोचा एकमेकांवरचा संशय त्यात इतका मराठी झाला की परकेपणाचा मागमूस उरला नाही. पडद्यावर मास्टर विनायक यांनी ‘ब्रह्मचारी’ (1938) आणि ‘लग्न पहावे करून’ (1940) केले. दुसऱ्याच्या मागे चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ उभे होते. जोशींनी मध्यमवर्गीय घर इतके जवळून पाहिले होते की चिमणरावांचे कुटुंब खरेच कुठेतरी नांदत असावे असे वाचकांना वाटे. पण ते कल्पित घर होते आणि ते मुख्यतः पुण्या-मुंबईच्या पांढरपेशांचे होते. पुढे ‘लाखाची गोष्ट’ (1952) पासून ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) पर्यंत विनोद बदलत गेला, भाड्याच्या खोलीची अडचण आणि वेशांतर आले, पण खरे घर आणि खरी माणसे कथेबाहेरच राहिली.

खरे घर मात्र पुस्तकांत होते. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ 1910 मध्ये आल्या. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागली. कवी नारायण वामन टिळकांशी झालेल्या संसाराची ती हकीकत म्हणजे मराठीतली पहिली मोठी प्रेम-विनोदकथा म्हणायला हरकत नाही. नवरा विसरभोळा, उधळा, हळवा, न सांगता घरातून निघून जाणारा. बायको लिहायला-वाचायला जेमतेम शिकलेली, पण तल्लख आणि फटकळ. 1895 मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा घर मोडले, काही वर्षांनी पुन्हा जुळले, आणि लक्ष्मीबाईंनी हे सगळे सांगताना स्वतःच्या अश्रूंना हसण्याची जोड दिली. विजया मेहता यांनी दूरदर्शनसाठी त्यावर चित्रपट केला, त्यात लक्ष्मीबाईंची भूमिका सुहास जोशी यांनी केली. रमाबाईंच्या आठवणींतला संसार ‘उंच माझा झोका’ या मालिकेतून 2012 मध्ये घरोघर पोचला. समीर विद्वांस यांच्या ‘आनंदी गोपाळ’मध्ये (2019) गोपाळराव जोशींचा हट्ट आणि आनंदीबाईंचे शिक्षण आले. या तिन्ही कलाकृतींत लग्न आधी आणि प्रेम मागून येते. बालविवाहाच्या काळातली मराठी प्रेमकथा तशीच असणार, आणि त्यातला गोडवा खरा असला तरी मुलीचे वय विसरता येत नाही. टीव्हीच्या पडद्याने पुष्कळदा तो गोडवा उचलला आणि वय मागे टाकले, हा दोष नोंदवायला हवा.

मराठी सिनेमाची सुरुवातही एका घरातूनच झाली होती. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) केला तेव्हा त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे शिकल्या, पडद्यामागच्या माणसांना जेवू घातले, आणि मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने (2009) ही हकीकत नवरा-बायकोच्या खुशालचेंडू संसाराच्या रूपात सांगितली. कर्ज आहे, डोळे अधू होत आहेत, शेजारी वेडा म्हणत आहेत, आणि घरात मात्र सगळे खेळात दंग. नंदू माधव आणि विभावरी देशपांडे यांनी हा सूर शेवटपर्यंत सांभाळला. तो चित्रपट त्या वर्षी ऑस्करसाठी भारताची अधिकृत निवड ठरला. मोकाशी फाळक्यांचे वारस नव्हते, आणि याचा फायदा झाला. वारसांनी केलेल्या चित्रपटांत आदर बहुधा विनोदाला मागे सारतो. राहुल देशपांडे यांनी आजोबांची भूमिका केलेला ‘मी वसंतराव’ (2022) हाही त्याला अपवाद नाही. मूर्तिजापूरकडे जन्मलेल्या आणि नागपुरात आईच्या कष्टांवर वाढलेल्या वसंतरावांची गाणी त्यात जीव ओतून आली आहेत, पण चित्रपटाचा कल वंदनेकडे आहे.

स्वतःचे घर स्वतः सांगण्याचे धाडस आले ते नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’पासून. 2014 च्या फेब्रुवारीत तो चित्रपटगृहांत आला. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या मंजुळेंनी स्वतःच्या जगण्यातले दिले. नायक जब्याला वर्गातली शालू आवडते, तिला वश करण्यासाठी त्याला काळ्या चिमणीची राख हवी असते, जीन्स पॅन्ट हवी असते. अर्ध्या चित्रपटाला शाळकरी प्रेमाची गंमत आहे. मग शालूच्या डोळ्यांदेखत त्याच्या घरादाराला गावासाठी डुकरे पकडावी लागतात आणि गंमत संपते. घरची हकीकत सांगताना जात वगळता येत नाही, हे या चित्रपटाने मराठी सिनेमाला कायमचे शिकवले.

हाच धागा आशिष अविनाश बेंडे यांच्या ‘आत्मपॅम्फ्लेट’ने (2023) वेगळ्या सुरात उचलला. पटकथा परेश मोकाशींची, जगणे दिग्दर्शकाचे. नायकाचे नावही आशिषच ठेवले आहे. मुंबईतला हा शाळकरी मुलगा सृष्टी नावाच्या वर्गमैत्रिणीच्या प्रेमात पडतो आणि त्याच वर्षांत मंडल आणि अयोध्येच्या बातम्या घराच्या दारावर धडकत असतात. आपली जात कोणती हे त्याला प्रेमात असतानाच कळते. निवेदक देशाचा इतिहास आणि आशिषचे प्रेम एकाच दमात सांगतो आणि दोन्ही सारखेच महत्त्वाचे मानतो. फेलिनीच्या रीतीच्या सर्वांत जवळ गेलेला मराठी चित्रपट हाच. बर्लिन महोत्सवाच्या युवा विभागात तो 2023 च्या फेब्रुवारीत दाखवला गेला आणि पदार्पणातल्या दिग्दर्शकासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार बेंडे यांना मिळाला.

विदर्भाचे घर त्याच वर्षी आले, जयंत दिगंबर सोमलकर यांच्या ‘स्थळ’मध्ये. नात्यातल्या मुलासाठी मुलगी पाहायला गेलेल्या मंडळींत बसण्याचा अनुभव हे त्याचे बीज. चित्रण चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात झाले आणि नंदिनी चिकटे यांच्यासह बहुतेक भूमिका कधी कॅमेऱ्यापुढे न आलेल्या त्या भागातल्याच माणसांनी केल्या. पहिला प्रसंग सांगण्याजोगा आहे. बायका-मुलींची बैठक भरली आहे, समोर एक तरुण मान खाली घालून बसला आहे आणि त्याला नाव, उंची, शिक्षण विचारले जात आहे. प्रेक्षागृहात हशा पिकतो. मग कळते की ते नायिका सविताचे स्वप्न होते. जाग आल्यावर स्टुलावर बसायची पाळी तिची असते.

यानंतर तीच बैठक पुन्हा पुन्हा भरते. पाहुण्यांना पाय धुवायला पाणी, पोहे, चहा, साडीतली मुलगी, समोर ओळीने बसलेले पुरुष, आणि तेच प्रश्न त्याच क्रमाने. कॅमेरा जागचा हलत नाही. पहिल्यांदा प्रेक्षक हसतो, दुसऱ्यांदा हसू कमी होते, आणि पुढच्या बैठकीला तो सविताच्या शेजारी अवघडून बसलेला असतो. विनोद न बदलता त्याची चव बदलवण्याची ही करामत मोठी आहे. सविता समाजशास्त्र शिकते, स्पर्धा परीक्षेची तयारी करते, तिला शिकवणारे सर आवडतात. वडिलांचा कापूस घरात पडून आहे, भाव चढेल या आशेवर. मुलीचा रंग सावळा, उंची कमी, आणि मुलाकडच्यांना हुंडा हवा. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा आहे, पण बैठकीत त्याची आठवण कोणी काढत नाही, ‘तुम्ही तुमच्या मुलीला द्याल ते’ असा मार्ग काढला जातो.

कापूस आणि लग्न यांची ही गाठ पडद्यावर इतकी उघड पहिल्यांदाच बांधली गेली. तुळशीचे लग्न आटोपले की सोयरिकीची बोलणी सुरू होतात आणि तेव्हाच वेचणीचा माल घरात येतो. भाव पडला तर साक्षगंधाची तारीख पुढे जाते. उमरखेड-ढाणकीकडे कापसाच्या जोडीला हळद, ऊस आणि सोयाबीन असले तरी हिशेब तोच, लग्नाचा खर्च पिकावर. म्हणून ‘स्थळ’ चंद्रपूरचे असूनही यवतमाळ जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला त्यात परके काही नाही. बोलीचेही तसेच. पूर्वी वऱ्हाडी बोली सिनेमात यायची ती गडी, पोलीस किंवा अडाणी पाहुणा यांच्या तोंडी, हसू आणण्यासाठी. इथे शहाणी मुलगी त्याच बोलीत विचार करते, बापही त्याच बोलीत गप्प होतो.

यवतमाळ परिसराचा विषय त्याआधी एकदा पडद्यावर आला होता, विदर्भाच्याच सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मधून (2009). तो आत्मकथनपर नाही, पण त्यातला नवरा-बायकोचा विनोद इथे विसरता कामा नये. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर आपलाही नवरा तसे काही करील या धास्तीने अलका त्याच्यावर पाळत ठेवते. त्याला गोडधोड करून घालते, मुलाला त्याच्या मागे पाठवते. नवऱ्याला यातले काही कळत नाही, तो फक्त वैतागतो. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांनी ही प्रीती इतकी साधी ठेवली की कारण आठवल्यावर हसू घशात अडकते. शेतकऱ्याच्या मुलाला मुलगीच मिळत नाही हा पुढचा अध्याय ‘नवरदेव बीएस्सी अ‍ॅग्री’ने (2024) उघड विनोदी अंगाने मांडला.

घरच्या हकिकतीतून आलेल्या प्रेमकथांत रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ही मोजायला हवा, जरी तो विनोदपट नाही. वडिलांच्या निधनानंतरचे दहा दिवस गावी पाळताना नायक आनंदला नातेवाईक लग्नाविषयी छेडत राहतात आणि त्याच दिवसांत बालमित्र बाळ्याशी त्याचे प्रेम जुळते. कानवडे यांनी स्वतःच्या वडिलांच्या मागे असेच दिवस काढले होते. सुतकातल्या घरातही सोयरिकीचा विषय निघतोच, हे निरीक्षण घरातल्याच माणसाचे असू शकते. 2025 च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागाचे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले.

घरची गोष्ट सांगताना येणारी अडचण लेखकांनी पूर्वीपासून अनुभवली आहे. माणसे हयात असतात. जिने स्टुलावर बसून नकार ऐकले ती बहीण, जिने मार खाल्ला ती आजी, ज्याने हुंडा घेतला तो मामा, सगळे त्याच लग्नाच्या पंगतीला भेटतात. कोर्तेल्लेसींनी अनेक घरांचे एक घर केले. बेंडे यांनी स्वतःचेच नाव ठेवून बाकीच्यांना सवलत दिली. सोमलकरांनी स्वतः ज्या बाजूला बसले होते ती सोडून मुलीच्या बाजूने कथा रचली. तिन्ही मार्ग प्रामाणिक आहेत, पण तिसरा सर्वांत कठीण. त्यात स्वतःच्या माणसांकडे समोरच्या स्टुलावरून पाहावे लागते.

पैनगंगेकाठच्या गावांकडे अशा कथांचा साठा मोठा आहे. ढाणकीच्या दक्षिणेला नदी, पलीकडे नांदेड जिल्हा. 1948 पर्यंत ही नदी वऱ्हाड आणि निजामाचे राज्य यांची सीमा होती, 1956 पर्यंत दोन राज्यांची. सोयरिकी मात्र दोन्ही काठांना होत राहिल्या. माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्या राज्यात, नाणे वेगळे, कचेरीची भाषा वेगळी, आणि 1947-48 च्या धामधुमीत अलीकडे आसऱ्याला आलेली पाहुणेमंडळी, हे सारे इथल्या जुन्या घरांच्या बोलण्यात आहे. सीमेवरच्या अशा लग्नाचा प्रेम-विनोदपट करायचा तर त्यासाठी मोठ्या सेटपेक्षा ऐकून घेणारा माणूस लागेल.

शेवटचा मुद्दा वितरणाचा, आणि तो किरकोळ नाही. ‘चे अंकोरा दोमानी’ रोमच्या महोत्सवात दिसला आणि त्याच महिन्यात इटलीभर लागला. ‘आत्मपॅम्फ्लेट’ बर्लिननंतर 6 ऑक्टोबर 2023 ला आला. ‘साबर बोंडं’ सनडान्सनंतर आठ महिन्यांनी, सप्टेंबर 2025 मध्ये. ‘स्थळ’ टोरांटोत सप्टेंबर 2023 मध्ये दाखवला गेला, आशियाई चित्रपटांसाठीचे नेटपॅक पारितोषिक तिथे मिळाले, आणि महाराष्ट्रात तो लागला 7 मार्च 2025 ला, म्हणजे दीड वर्षाने. ज्या बैठका कॅनडातल्या प्रेक्षकांनी पाहिल्या त्या पाहायला विदर्भातल्या तालुक्याच्या गावांना एवढे थांबावे लागले. मराठी चित्रपट पहिल्या आठवड्यात मुंबई, पुणे, नाशिक, नागपूरच्या मल्टिप्लेक्सांत मोजके खेळ मिळवतो, आणि तिथे गर्दी झाली नाही तर तालुक्यापर्यंत पोचायच्या आत उतरतो. जत्रेतल्या तंबूत टूरिंग टॉकीज येत तेव्हा चित्रपट जुना होऊन का होईना गावात येई. आता तंबू जवळपास बंद झाले आणि ती जागा मोबाइलच्या पडद्याने घेतली. सविताची बैठक मात्र घरातल्या बायका, मुली आणि बापे यांनी एकत्र बसून पाहण्याची आहे. त्यासाठी लग्नसराईच्या आधी तालुक्याच्या गावी दोन-चार खेळ लावणे वितरकांना अवघड नाही, खर्चही फार नाही.